चाकाला बांधलेली लाल चिंधी

गाडीच्या ओडोमीटरकडे आपण नीट कधी बघतो? सेकंड हँड बाईक घेताना! पण १८४७ साली अमेरिकेच्या माळरानावर एका माणसाला या यंत्राची फार गरज पडली होती.

विल्यम क्लेटन त्याचं नाव. इंजिनिअर वगैरे अजिबात नाही, साधा कारकून. जन्म इंग्लंडातला, १८१४ चा. तिथेच तो मॉर्मन पंथात गेला आणि १८४० मध्ये अमेरिकेला आला. या पंथाचं आजूबाजूच्या लोकांशी जमत नव्हतं. १८४४ मध्ये जमावाने तुरुंगात घुसून त्यांचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला ठार मारलं, आणि १८४६ मध्ये इलिनॉयमधलं वसवलेलं गाव सोडून सगळे निघाले. क्लेटनची एक बायको (पंथात तेव्हा बहुपत्नीत्व होतं) गरोदर म्हणून मागेच राहिली. मुलगा झाल्याची बातमी त्याला वाटेत मिळाली.

पुढच्या वर्षी ब्रिगहॅम यंगबरोबर पहिली तुकडी मिसुरी नदीकडून पश्चिमेला निघाली. १४३ पुरुष, ३ बायका, २ मुलं. मागून याच वाटेने हजारो माणसं येणार होती. पुढचं पाणी किती मैलांवर, बैलांना चारा कुठे, हे त्यांना कळणार कसं? इथे तर रोज संध्याकाळी नुसतं अंदाजपंचे! क्लेटनला ते आकडे फुगवलेले वाटायचे.

मग त्याने एका गाडीच्या चाकाचा घेर मोजला. १४ फूट ८ इंच. गंमत बघा, ३६० फेरे म्हणजे बरोब्बर ५२८० फूट, एक मैल! (विश्वास नसेल तर कॅल्क्युलेटर काढा.) ८ मे रोजी चाकाच्या एका आऱ्याला त्याने लाल फ्लॅनेलची चिंधी बांधली आणि दिवसभर शेजारून चालत फेरे मोजले. ४०७० भरले. म्हणजे सव्वाअकरा मैलांच्या किंचित वर. बाकीचे तेरा-चौदा म्हणत होते.

असं रोज कोण मोजणार? म्हणून ऑर्सन प्रॅट या त्यांच्यातल्या गणितीने डिझाईन केलं. चाकाचे सहा फेरे झाले की स्क्रूचा एक फेरा, आणि स्क्रूच्या एका फेऱ्याला ६० दात्यांचं चक्र एक दाता पुढे. सहा गुणिले साठ, झाले ३६०! आपला वर्म गिअरच की. ॲपल्टन हार्मन या सुताराने ते लाकडात बनवलं आणि १६ मेला दुपारी दहा मैलांपर्यंत मोजणारं यंत्र तयार झालं.

आता खरी मजा. यंत्र पूर्ण होण्याआधीच क्लेटन डायरीत चिडून लिहितो, की हार्मन हा शोध स्वतःचाच म्हणून सांगत फिरतोय, त्याने फक्त सांगितलं तसं बनवलं! बी.ई. प्रोजेक्ट केलेल्यांना हे भांडण नवीन नसावं. माझं मत विचाराल तर श्रेय तिघांचं, पण चिंधीवाला दिवस एकट्या क्लेटनचा.

जुलैमध्ये तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. (हा मुलूख रिकामा नव्हता बरं का. वाटेत पॉनी, लकोटा, शोशोनी लोक पूर्वापार राहत होते.) परतताना क्लेटनने नव्या यंत्राने सगळी वाट पुन्हा मोजली आणि १८४८ मध्ये सेंट लुईसला २४ पानांचं पुस्तक छापून घेतलं. त्यात ओढे, टेकड्या, मुक्कामाच्या जागा, आणि प्रत्येकापुढे मैलांचा आकडा. मागून येणाऱ्या गाड्या ते उघडून बघायच्या, पुढचं पाणी किती लांब आहे ते.