विद्युत्‌ज्योतीची प्रकाशपरीक्षा

घरांतील दिव्याचें बटन बंद करतांना क्वचित् एक निळसर ठिणगी चमकते व लगेच मावळते. चार लक्ष व्होल्टच्या वाहिनीवरील बटनाची गोष्ट मात्र निराळी. त्यास सर्किट-ब्रेकर म्हणतात. वाहिनीवर आकाशांतील वीज कोसळली किंवा तारा एकमेकींस भिडल्या, म्हणजे प्रसंगीं ४०,००० अँपिअरपर्यंत प्रवाह उसळतो. तो सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आंत तोडला नाहीं, तर रोहित्रें जळण्याची, जनित्रांची लय बिघडण्याची आणि सबंध प्रांत अंधारांत बुडण्याची भीति असते.

ब्रेकरचे धातूचे स्पर्शक एकमेकांपासून दूर होऊं लागतांच मधला वायु तापून स्वतःच विजेचा वाहक बनतो व ज्योत पेटते. हिलाच आर्क, म्हणजे कमान, म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हंफ्री डेव्ही यानें दोन कोळशांच्या कांड्यांमध्यें ती पेटविली, तेव्हां तप्त हवेबरोबर ती वर उचलली जाऊन कमानीसारखी दिसली. त्यावरून हें नांव पडलें.

ही ज्योत निव्वळ शत्रु आहे असें मात्र समजूं नये. एवढा प्रवाह एकाएकीं थांबविला, तर वाहिनीभोंवतीं सांठलेली चुंबकीय शक्ति भयंकर विद्युद्दाबाच्या रूपानें उसळेल. ज्योत ही त्या प्रवाहास तात्पुरता पूल देते. आपल्या देशांतील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. म्हणजे सेकंदांत १०० वेळां प्रवाह क्षणमात्र शून्यावर येतो. नेमका तो क्षण साधून वायूच्या झोतानें ज्योत निवविली कीं काम झालें. परंतु मधला वायु पुरेसा थंड होण्यापूर्वींच स्पर्शकांमधील दाब चढला, तर ज्योत पुनः पेट घेते. ही शर्यत सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावी लागते.

तेव्हां प्रश्न असा, कीं त्या क्षणीं ज्योतीच्या पोटांत उष्णतामान किती असतें? सूर्याच्या पृष्ठभागाचें उष्णतामान सुमारें ५,५०० अंश शतमान. प्रवाह शिखरावर असतांना ज्योतीच्या गाभ्याचें २०,००० अंशांच्या घरांत जातें. तेथें कोणतेंहि उपकरण घातलें तरी त्याची वाफ होईल. बाहेरून दाब व प्रवाह मोजतां येतात. पण ती सगळ्या ज्योतीची गोळाबेरीज झाली. आंत कोठें काय चाललें आहे, हें सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे ज्योतीचा स्वतःचा प्रकाश.

स्पर्शकांतील तांब्याची वाफ ज्योतींत मिसळते व तिला हिरवी छटा देते. तो प्रकाश वर्णपटलेखकांतून पृथक् केला, म्हणजे त्या हिरव्या भागांत ठळक रेषा दिसतात. त्यांपैकीं एकीची लहर ५१०.५ नॅनोमीटर व दुसरीची ५२१.८ नॅनोमीटर लांबीची असते. पहिली रेषा उमटण्यास तांब्याच्या अणूस थोडी शक्ति पुरते. दुसरीस बरीच अधिक लागते. म्हणून ज्योत जसजशी तापते, तसतशी दुसरी रेषा पहिलीच्या मानानें उजळत जाते. दोहोंच्या तेजाचें प्रमाण काढलें कीं उष्णतामान हातीं येतें. निरीक्षणाची खिडकी काजळीनें मंदावली, तरी दोन्ही रेषा जवळजवळ सारख्याच मंदावतात व प्रमाण टिकून राहतें. उष्णतामान कळलें, कीं वायूच्या अणूंपैकीं कितींचें विदलन होऊन ते वीज वाहूं लागले असतील, तें मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या सूत्रावरून काढतां येतें. तारकांसाठीं योजलेलें तें सूत्र असें ब्रेकरच्याहि उपयोगीं पडलें.

यांत एक अडचण आहे. बाजूनें पाहतांना ज्योतीच्या पुढच्या, मधल्या व मागच्या थरांचा प्रकाश एकत्र मिसळून येतो. ज्योत सर्व बाजूंनीं सारखी वर्तुळाकार आहे असें गृहीत धरल्यास, नॉर्वेचा गणिती आबेल (१८०२–१८२९) याच्या रीतीनें, कांद्याचे पापुद्रे सोलावे तसे ते थर वेगळे करतां येतात.

दुसरी अडचण याहून बिकट. प्रवाह शून्याजवळ आला, कीं ज्योतीचा प्रकाशहि मंदावतो. साक्ष हवी असते नेमकी तेव्हांच साक्षीदार गप्प होऊं लागतो. अशा वेळीं प्रकाश बाहेरून आणावा लागतो. उन्हाळ्यांत तापलेल्या रस्त्यावर पलीकडचीं दृश्यें थरथरतांना आपण पाहतों. विरळ तप्त हवेंतून जातांना किरण वांकतात, त्याचा तो परिणाम. त्याच न्यायानें ब्रेकरच्या वायूंतून लेसरचे किरण पाठवून, ते किती वांकले किंवा किती मागें पडले यावरून, वायूची घनता व निवण्याचा वेग ठरवितात. शीघ्रगति कॅमेरे सेकंदास हजारों चित्रें टिपून हा सारा प्रवास नोंदवितात.

या परीक्षेस आज विशेष निकड आली आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायु ब्रेकरमध्यें सर्वत्र रूढ झाला. ज्योत विझविण्यांत त्याचा हात धरणारा दुसरा क्वचितच. परंतु शंभर वर्षांच्या हिशेबानें पृथ्वी तापविण्यांत तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें २४,००० पट प्रभावी आहे. म्हणून युरोपीय संघानें २०२४ सालच्या नियमान्वयें नव्या विद्युत् उपकरणांतून त्याची टप्प्याटप्प्यानें हकालपट्टी आरंभिली. त्याच्या जागीं कार्बन डायॉक्साइडचीं मिश्रणें व निर्वात पोकळी येत आहेत. पोकळींत तर ज्योत स्पर्शकांच्या धातूच्या वाफेवरच जळते. जुन्या वायूविषयीं मिळविलेलें ज्ञान येथें जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. प्रत्येक नव्या ज्योतीची साक्ष प्रकाशाकडून पुनः घ्यावी लागते. आणि ती जितकी बिनचूक मिळेल, तितकी आपल्या दिव्यांची शाश्वती अधिक.