चौकटीतले खलनायक (भाग ५) : भोजकटचा रुक्मी

सुपरमॅनचा हाडवैरी लेक्स लुथर कॉमिक्समध्ये अवतरला १९४० साली. तो सुपरमॅनच्या एवढा जिवावर का उठला, याची वाचकांच्या मनात बसलेली हकीकत मात्र १९६० मध्ये 'ॲडव्हेंचर कॉमिक्स'च्या २७१व्या अंकात आली. लिहिली खुद्द सुपरमॅनच्या एका जन्मदात्याने, जेरी सीगलने. तरुण लुथर हा सुपरबॉयचा, म्हणजे लहानपणीच्या सुपरमॅनचा, भक्त. त्याच्या प्रयोगशाळेला आग लागते, सुपरबॉय फुंकर मारून ती विझवतो, पण त्या गडबडीत उसळलेल्या रसायनांच्या वाफेने लुथरचे सगळे केस गळतात आणि संशोधनही मातीमोल होतं. सुपरबॉयने हे जळफळाटातून केलं, असं लुथर धरून बसतो. तिथून जन्मभराचं वैर.

केसांपायी एवढं? हसण्यावारी नेऊ नका. हीच गोष्ट आपल्या वऱ्हाडात कितीतरी शतकं आधी घडवून ठेवलेली आहे, आणि तिचा नायक साक्षात श्रीकृष्ण आहे.

रुक्मिणीहरण वऱ्हाडी माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. वर्धेच्या काठचं कौंडिण्यपूर, म्हणजे पुराणातलं कुंडिनपूर, हे रुक्मिणीचं माहेर. अमरावतीकर सांगतात, कृष्णाने तिला आमच्या अंबादेवीच्या देवळातून नेलं. रिद्धपूरला महदाइसेने तेराव्या शतकात याच लग्नाचे धवळे रचले. अकोला काय, अमरावती काय, घरात उपवर मुलगी असली की एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चं पारायण ठरलेलं. या सगळ्यात थोरला भाऊ रुक्मी येतो तो शिशुपालाशी बहिणीचं लग्न ठरवून आडवा पडणारा म्हणून. हरण झालं, की आपण त्याला विसरतो.

भागवताचा दहावा स्कंध त्याला विसरत नाही. रुक्मी चिलखत चढवून सगळ्या राजांसमोर प्रतिज्ञा करतो : कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. पाठलाग करतो. कृष्ण त्याचे घोडे पाडतो, सारथी पाडतो, हातात येईल ते शस्त्र तोडतो. शेवटी तलवार उगारतो तेव्हा रुक्मिणी पायांवर पडून भावाचा जीव मागते. कृष्ण जीव देतो, पण सोडत नाही. त्याला कापडाने बांधतो आणि डोक्याचे, दाढीमिशांचे केस इथेतिथे पुंजके राहतील असे भादरतो.

हे चित्र काढायचं तर मी चौकट रुक्मीच्या चेहऱ्यावर नव्हे, बलरामाच्या चेहऱ्यावर नेईन. तो मागून येतो, बांधलेल्या रुक्मीला सोडवतो आणि धाकट्या भावाला सरळ सुनावतो की हे तू वाईट केलंस, सोयऱ्याला असं विद्रूप करणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच आहे. देवाला त्याच्याच गोष्टीत, त्याच्याच भावाकडून हे ऐकून घ्यावं लागतं. खलनायकाच्या घडणीत नायकाचा हात असतो, हे आधुनिक कॉमिक्सने शोधलं असं मानणाऱ्यांनी हा अध्याय वाचावाच.

म्हणून रुक्मी निर्दोष ठरतो का? मुळीच नाही. ॲलन मूरच्या १९८८च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकरला सिद्ध करायचं असतं की एका वाईट दिवसात कोणीही त्याच्यासारखा होतो. कमिशनर गॉर्डन त्याहून भयंकर छळ सोसूनही तसा होत नाही. रुक्मीचा वाईट दिवस उजाडण्याआधीच त्याने बहिणीचं मन आणि बापाचा शब्द दोन्ही पायदळी तुडवले होते. बाप भीष्मक कृष्णाला मुलगी द्यायला राजी होता, लेकापुढे नमला. अपमानाने रुक्मी कडवट झाला, हेकट तो आधीपासूनच होता.

प्रतिज्ञा मात्र त्याने पाळली. कुंडिनपुरात परतलाच नाही, भोजकट नावाचं नवं नगर वसवून तिथे राहिला. अमरावतीजवळचं भातकुली ते हेच, असं मानतात. भोजकट हे नाव नुसतं पुराणातलं नाही. अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटात ते राज्याचं नाव म्हणून कोरलेलं आहे. दिलेला शब्द मोडू नये म्हणून बापाची राजधानी सोडणारा हा माणूस मला कुठल्याही लुथरपेक्षा मोठा वाटतो. चित्रकाराला इथे किती वाव आहे! मोकळं माळरान, नव्या तटाच्या भिंती, आणि आरशाकडे पाठ करून बसलेला राजा.

पुढे महाभारतात तो विजय धनुष्य आणि एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांकडे येतो. 'तुला भीती वाटत असेल तर मी आहे,' या थाटात अर्जुनाशी बोलतो. अर्जुन नकार देतो. दुर्योधनही देतो. अख्खं भारतवर्ष लढत असताना हा महावीर घरी बसून राहतो.

शेवट लग्नघरात होतो. कृष्णाचा नातू अनिरुद्ध आणि रुक्मीची नात रोचना यांचं लग्न, भोजकटातच. कलिंगराजाच्या चिथावणीवरून रुक्मी बलरामाला फाशांवर बसवतो, हरलेला डाव जिंकला म्हणतो, गवळ्यांना फासे काय कळणार म्हणून हिणवतो. ज्याने एकेकाळी त्याची गाठ सोडली, त्याच बलरामाच्या हातून तो मरतो. कृष्ण तिथेच असतो. बायको दुखावेल की भाऊ, या पेचात तो बरंही म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात विराटाचा साळा कीचक, आणि भीमाने त्याला जिथे फेकलं असं मेळघाटात सांगतात ती चिखलदऱ्याची दरी.