यवतमाळचे आकाश आणि हौशी निरीक्षक

हौशी खगोल मंडळे बहुधा एखाद्या ग्रहणाच्या किंवा धूमकेतूच्या निमित्ताने वाढतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, देशातली या प्रकारची सर्वांत जुनी संस्था. मुंबईचे खगोल मंडळ उभे राहिले ते १९८५-८६च्या हॅलेच्या धूमकेतूच्या काळात. पुढे ही हौस विदर्भातही रुजली. यवतमाळात स्काय वॉच ग्रुप हे काम करतो. धूमकेतू येतो आणि जातो. मंडळ टिकते ते नेमाने केलेल्या साध्या निरीक्षणांवर.

यवतमाळ सुमारे २०.४ उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवतारा तिथे जेमतेम वीस अंश उंचीवर दिसतो. त्या बदल्यात दक्षिणेचे आकाश मिळते: हिवाळ्यात अगस्ती सतरा अंशांपर्यंत चढतो, एप्रिल-मेमध्ये त्रिशंकू क्षितिजालगत येतो. नव्या सभासदाने हे आधी नुसत्या डोळ्यांनी ओळखावे, हेच योग्य. दुर्बीण नंतर. मोटर नसलेल्या दुर्बिणीतून शंभरपट मोठा केलेला शनी दोनेक मिनिटांत दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो. आकाशाची ओळख नसेल तर तो पुन्हा सापडत नाही. दुर्बिणीतून पाहायला रांगेत उभा असलेला माणूस हमखास नळीला हात लावतो आणि ग्रह हरवतो. म्हणून दुर्बिणीजवळ एक जाणता सभासद लागतोच, आणि उजेड हवा तर मंद लाल.

यवतमाळसारख्या जिल्ह्याला सर्वांत शोभणारा उपक्रम मात्र भर दुपारचा आहे. मे महिन्यात शून्य सावली, म्हणजे सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होणे, उमरखेडला साधारण १८ तारखेला घडते, पुसदला २०च्या सुमारास, यवतमाळला २२च्या आसपास. वेळ दुपारी सव्वाबाराची. यवतमाळला सावली नाहीशी होते त्या दुपारी उमरखेडमध्ये एक मीटर उंच काठीची सावली सुमारे दीड सेंटीमीटर भरते, तीही दक्षिणेकडे, कारण सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. ही सावली आणि दोन गावांमधले सुमारे नव्वद किलोमीटरचे दक्षिणोत्तर अंतर एवढ्यावर शाळकरी मुलांना पृथ्वीचा परीघ काढता येतो. काठी ओळंब्यात हवी. सूर्यबिंबाला रुंदी असल्याने सावलीची कडा पुसट येते, तेव्हा मापे अनेकदा घ्यावीत. जुलैतली दुसरी शून्य सावली बहुधा ढगांत जाते. पावसाळ्याचे महिने व्याख्याने आणि दुर्बिणीची देखभाल यांतच जातात.

आकाशात काही अवचित घडले की लोक मंडळालाच विचारतात. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे पडले. उल्का बहुधा काही क्षणांत विझते. हे तुकडे मात्र सावकाश, रांगेने सरकत होते, म्हणजे ते रॉकेटचे अवशेष. अशा वेळी वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि किती सेकंद दिसले, या चार नोंदी लगेच लिहून ठेवाव्या लागतात. निरनिराळ्या गावांतल्या अशा नोंदी जुळवल्या की त्या वस्तूचा मार्ग नकाशावर आखता येतो.