गटाचा प्रिंटर, गटाच्याच हाती



बचत गटाला, ग्रामसंघाला आता पावलोपावली छापील कागद लागतो. बैठकीचा ठराव, बँकेचा कर्जाचा अर्ज, मसाल्याच्या पाकिटावरची लेबलं. म्हणून काही गटांनी वर्गणी काढून, कुणी गटाच्या नफ्यातून प्रिंटर घेतला. पण पुढे काय होतं? दुकानदार किंवा कुणाचा तरी मुलगा येऊन तो जोडून देतो. दोन-चार महिने चालतो. मग वाय-फायचा पासवर्ड बदलतो, नाहीतर तो मुलगा नोकरीला पुण्याला जातो. प्रिंटरवर कापड पडतं आणि आपलं तालुक्याला जाणं पुन्हा सुरू होतं. एसटीचं भाडं जातं, दिवसाचा रोज बुडतो, आणि आपलं आधार कार्ड, पासबुक दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवावं लागतं. कागद घेऊन आपण घरी येतो, फाइल मात्र त्याच्याकडेच राहते.

म्हणून आज आपण बघू या, मोबाइल आणि कॉम्प्युटर प्रिंटरला जोडायचा कसा. काम अवघड नाही. एकदा समजलं की कुणाची वाट बघायला नको.

आधी मनातली एक भीती काढून टाका. आपल्याला वाटतं, गावात रेंज नाही, नेट नाही, मग प्रिंटर कसा चालणार? तर बायांनो, फाइल आधीच मोबाइलमध्ये असेल तर छापायला इंटरनेट लागत नाही. मोबाइल आणि प्रिंटर यांची गाठ पडली पाहिजे, एवढंच. ही गाठ घालायचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग केबलचा. गटाकडे कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर हा सगळ्यात भरवशाचा. यूएसबी केबलचं चपटं टोक कॉम्प्युटरला लागतं आणि चौकोनी टोक प्रिंटरच्या मागे. केबल लावली, प्रिंटर चालू केला की कॉम्प्युटर बहुतेक वेळा त्याला आपणहून ओळखतो. ओळखलं नाही, तर कॉम्प्युटरच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा आणि ‘अ‍ॅड’ लिहिलेलं बटण दाबा. तरीही जमलं नाही तर त्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते कंपनीच्या वेबसाइटवरून घालावं लागतं. ते एकदाच करायचं, आणि तेवढ्यापुरतं मात्र नेट लागतं. काही प्रिंटरना आधी सॉफ्टवेअर आणि मग केबल असा क्रम असतो. तो खोक्यातल्या कागदावर लिहिलेला असतो, म्हणून तो कागद टाकून देऊ नका. केबल ५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका, मध्येच संदेश तुटतो.

दुसरा मार्ग वाय-फायचा. हा मोबाइललाही चालतो. आधी प्रिंटरवर वाय-फायची खूण आहे का बघा, एका ठिपक्यावर कमानी असतात ती. खूण नसेल तर तो प्रिंटर बहुधा केबलचाच आहे.

वाय-फाय म्हणजे एक अंगण समजा. मोबाइल आणि प्रिंटर एकाच अंगणात उभे असले तर एकमेकांना दिसतात. अंगणाचं फाटक बाहेर रस्त्यावर उघडतं, ते इंटरनेट. फाटक बंद असलं तरी अंगणातल्या अंगणात बोलणं चालतंच. पण प्रिंटर एका अंगणात आणि मोबाइल शेजारच्या अंगणात असेल, तर कितीही बटणं दाबा, गाठ पडत नाही. ‘प्रिंटर सापडत नाही’ असं मोबाइल म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

कार्यालयात वाय-फायचा राउटर असेल तर प्रिंटरला त्यावर घ्या. प्रिंटरला छोटी स्क्रीन असेल तर तिथे वाय-फायचं नाव निवडून पासवर्ड घालता येतो. स्क्रीन नसेल तर कंपनीचं अ‍ॅप मोबाइलमध्ये घेऊन त्यातून जोडता येतं. राउटरवर ‘डब्ल्यूपीएस’ लिहिलेलं बटण असेल तर आणखी सोपं. प्रिंटरचं वाय-फायचं बटण माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तितका वेळ दाबून धरा आणि दोन मिनिटांच्या आत राउटरचं ते बटण दाबा. प्रिंटरवरचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली.

इथे एक खाच आहे. काही राउटर २.४ आणि ५ अशी दोन वाय-फाय देतात. पुष्कळ प्रिंटरना फक्त २.४ चं कळतं. प्रिंटरला वाय-फायचं नावच दिसत नसेल तर २.४ चं चालू आहे का ते बघा.

राउटर नसेल तर? मग तिसरा मार्ग, वाय-फाय डायरेक्ट. यात प्रिंटर स्वतःच छोटं अंगण तयार करतो. मोबाइलच्या वाय-फायच्या यादीत ‘डायरेक्ट’ या शब्दाने सुरू होणारं नाव दिसेल, ते निवडा. त्याचा पासवर्ड प्रिंटरच्या स्क्रीनवर किंवा प्रिंटरमधून निघणाऱ्या माहितीच्या पानावर असतो. जोडल्यावर मोबाइल म्हणेल, ‘इंटरनेट नाही, जोडलेलं ठेवायचं का?’ घाबरू नका, ‘हो’ म्हणा. काम झालं की ही जोडणी काढून टाका.

एकीच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावूनही अंगण होतं. पण ती बाई घरी गेली की अंगणही तिच्याबरोबर जातं. त्यावर उपाय आहे. दुसरीच्या मोबाइलवर हॉटस्पॉटचं नाव आणि पासवर्ड अगदी तेच ठेवा, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट. मग प्रिंटर सहसा तिच्याही हॉटस्पॉटला जोडला जातो.

आता छापायचं कसं? मोबाइलवर पीडीएफ किंवा फोटो उघडा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर किंवा ‘शेअर’मध्ये ‘प्रिंट’ हा शब्द सापडेल. तो दाबला की प्रिंटरची यादी येते, त्यातून आपला निवडा. अँड्रॉइड ८ पासूनच्या मोबाइलमध्ये ही सोय मुळातच असते, आयफोनमध्येही असते. जुन्या मोबाइलला किंवा जुन्या प्रिंटरला कंपनीचं अ‍ॅप लागतं. छापण्याआधी कागदाचा आकार बघा. तिथे पुष्कळदा ‘लेटर’ असतं, ते बदलून ‘ए४’ करा, नाहीतर कडेची अक्षरं कापली जातात किंवा प्रिंटर अडून बसतो. आधारची डाउनलोड केलेली फाइल पासवर्ड मागते. आपल्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचं वर्ष, हा तो पासवर्ड.

चालता चालता प्रिंटर बंद पडला तर क्रमाने बघा. वीज जाऊन आली असेल तर आधी राउटर चालू करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग प्रिंटर. मोबाइल आणि प्रिंटर एकाच वाय-फायवर आहेत ना, ते तपासा. कॉम्प्युटरवर आधीचं एखादं काम अडकलेलं असलं तर ते रद्द करा. एक अडलं की मागची सगळी रांग थांबते. आणि लेझर प्रिंटर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसला लावू नका. तापताना तो एकदम जास्त वीज ओढतो, यूपीएसला ते झेपत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रिंटर गटात आला की गावातल्या बायकांची कागदपत्रं आपल्याकडे येणार. जी काळजी दुकानदाराबद्दल वाटत होती, तशी काळजी वाटायची वेळ कुणावर आपल्याबद्दल येऊ नये. जमेल तिथे जिचा कागद, तिच्याच मोबाइलवरून छापा. तिचा मोबाइल प्रिंटरशी जोडला की फाइल दुसऱ्या कुणाला पाठवायची गरजच उरत नाही. साधा फोन असेल आणि दुसरीच्या मोबाइलवर फोटो काढावा लागला, तर काम होताच तिच्यासमोर तो पुसा, आणि ‘ट्रॅश’मधूनही काढा. जिथे चालतं तिथे मास्क केलेलं आधार द्या. त्यात नंबरचे शेवटचे चार आकडेच दिसतात. प्रतीवर ती कोणत्या कामासाठी दिली ते लिहून तारीख टाका. आणि झेरॉक्स झाल्यावर काचेखालचा मूळ कागद उचलला का, ते दर वेळी झाकण उघडून बघा. सातबारा, पासबुक, लेकराचा जन्मदाखला तिथेच राहून जातो.

वाय-फायचा आणि प्रिंटरचा पासवर्ड गटाच्या वहीत लिहा आणि वही कुलपात ठेवा. भिंतीवर चिकटवू नका. जोडणीच्या पायऱ्या मात्र मोठ्या अक्षरात मराठीत लिहून प्रिंटरशेजारी जरूर लावा. पासवर्ड बदलला की त्याच दिवशी वहीत नोंद करा.

आणि हे एकट्या सचिवताईंनी शिकून भागणार नाही. गटात किमान तिघींना सगळं आलं पाहिजे. एक माहेरी गेली, एक आजारी पडली, तरी तिसरी आहेच. येत्या मासिक बैठकीत अर्धा तास यासाठी काढा. जोडणी तोडा आणि पुन्हा जोडा. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने एक पान छापावं, मग ते नातवाच्या फोटोचं का असेना. दोन-चार कागद वाया गेले तरी चालतील. कर्जाच्या अर्जाची शेवटची तारीख असेल त्या दिवशी तुमच्यातली कुणीही उठून ते पान काढू शकेल.

करून बघा, आणि कुठे अडलं ते आम्हाला कळवा.