गडद भिंतीवर फिका रंग : आधी मशागत, मग लावण



पोळा झाला, पाऊस ओसरला, की गळीत हंगामाच्या तयारीबरोबर घरोघरी दसरा-दिवाळीच्या रंगरंगोटीचीही तयारी सुरू होते. पुसद, उमरखेड, महागाव या आपल्या ऊसपट्ट्यात एक अडचण सारखी दिसते. बैठकीला गडद निळा नाहीतर हिरवा ऑइलपेंट आणि स्वयंपाकघर चुलीच्या धुराने काळे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, पुष्कळ घरांत गॅस आला, धूर कमी झाला. आता घरच्या बायांना स्वयंपाकघर उजेडाचे हवे, आणि ते रास्तच आहे. पण "लाव ना चुन्याचे दोन हात, होते पांढरं," असे म्हणून काम उरकले, तर थोड्याच दिवसांत पोपडे हाती येतात आणि मजुरी पाण्यात जाते.

नांगरट-वखरणी न करता आपण बेणे लावत नाही. भिंतीचेही तसेच आहे.

भिंत ओळखा

भिंतीवर पाणी शिंपडून पाहा. पाणी मुरले तर मातीची, चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची भिंत. अळूच्या पानावरून ओघळावे तसे ओघळले तर ऑइलपेंट समजा. हात फिरवल्यावर तळव्याला भुकटी लागली, तर तो थर खरवडून धुतल्याशिवाय वरचा रंग टिकत नाही. पायथ्याशी लोणा लागला असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा. ओल्या भिंतीवर महागातला रंगही टिकत नाही.

काजळी

काजळी कोरड्या फडक्याने पुसली की पसरते. आधी मऊ झाडूने झाडा. पक्की भिंत धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खालून वर धुवा, मग साध्या पाण्याने दोनदा धुऊन पूर्ण वाळू द्या. एवढे करूनही धुराचा पिवळा डाग पाण्याच्या रंगातून वर येतोच. म्हणून पक्क्या भिंतीवर त्या जागी ऑइल प्रायमरचा एक हात आधी द्यावा. मातीच्या भिंतीला असे धुणे सोसत नाही. तिचा काळा थर खरवडून, पोतेरे देऊन, वाळल्यावर चुना किंवा पांढरी मातीच लावावी.

गडद ऑइलपेंट

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो आणि भिंतीच्या छिद्रांत रुतून बसतो. कारखान्यात उसाचा रस साफ करायला लागतो तोच हा चुना. ऑइलपेंटला छिद्रेच नसतात, मग तो धरेल कशाला? पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही तिथे सुटते. अशी भिंत धुऊन, पाण्यातल्या पॉलिश कागदाने चमक जाईपर्यंत घासा. वाळल्यावर पांढऱ्या ऑइल प्रायमरचा एक हात द्या, निळे झाक मारत असेल तर दुसरा द्या. मग फिक्या रंगाचे दोन हात पुरतात. प्रायमर टाळला, तर त्याहून महाग रंगाचे तीन-चार हात ओतूनही निळी झाक राहते.

चुन्याचे हात

आपल्याच जिल्ह्यात वणीजवळचे राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. कळीचा चुना भिजवताना उकळतो, म्हणून पोरांना दूर ठेवा आणि डोळे जपा. निवल्यावर कापडाने गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घाला. हात पातळ द्या. ओला चुना पारदर्शक दिसतो, पांढरेपणा वाळल्यावरच येतो. म्हणून लगेच जाड थर चढवू नका.

खरवडीचा धोका

ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. घरगुती रंगात १० लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नको, हा केंद्राचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसे असू शकते. कोरडे घासले की त्याची धूळ उडते. ती रांगत्या लेकरांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. गरोदर बाईलाही ती घातक आहे. म्हणून जुना ऑइलपेंट ओला करूनच घासा, तोंडाला फडके बांधा, दिव्याने जाळून काढू नका. फरशी ओल्या फडक्याने पुसा. लेकरे आणि गरोदर सून काम होईपर्यंत दुसऱ्या घरी राहू द्या.

निघालेले पोपडे उकिरड्यावर टाकू नका, शेणखतातून ते शेतात जातात. गोठ्याजवळही नको, कारण जनावरे रंग चाटतात आणि शिशाने दगावतात. पोपडे पिशवीत बांधून ग्रामपंचायतीच्या किंवा नगर परिषदेच्या कचरागाडीत वेगळे द्या.

रंगाऱ्याशी बोलणी करताना घासणे, धुणे आणि प्रायमर यांची मजुरी आधीच ठरवून घ्या. वाळायला दिवस लागतात, तेव्हा काम वसुबारसेवर ढकलू नका. दसऱ्याआधीच भिंतीला हात घाला.