टिटवी ओरडली, दोन पावलं मागे!

दोस्तांनो, वैशाखात मासवणला सूर्या नदीकाठी पक्षी बघायचे तर उजाडायच्या आत निघा. ऊन चढलं की पक्षीही सावली धरतात. सकाळी पाण्याजवळ खंड्या दिसेल, झाडीत तांबटाचं टुक्‌टुक्‌ चालू असेल. पण माळावर पाऊल टाकताच जी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते, ती टिटवी. लोक तिला उगाच अपशकुनी म्हणतात. बिचारी राखण करत असते!

टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या खळग्यात बहुधा ४ अंडी घालते. मातकट रंग, त्यावर काळे ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत! या दिवसांत ती उबवण्यापेक्षा गार ठेवणंच कठीण. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन बसतात. तुम्ही कॅमेरा घेऊन तिथे दहा मिनिटं रेंगाळलात, तर तेवढा वेळ अंडी उन्हात भाजतात. शिवाय कावळे टपलेले असतातच.

मग फोटो काढायचाच नाही का? काढा की! पण लांब झाडाआड गुपचूप बसून. डॉ. सलीम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला, तोही असाच आडोशाला तासन्‌तास बसून. ओरडणं थांबलं की टिटवी थोडी दूर उतरते, इकडेतिकडे बघत चालत येते आणि अलगद अंड्यांवर बसते. त्या क्षणी बटण दाबा.