कॅरट केक बार: फ्रॉस्टिंग लावण्याआधी हिशेब लावा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण क्रीम चीज फ्रॉस्टिंगचे कॅरट केक बार केले. कृती सोपीच आहे. मी माती खाल्ली ती दुसऱ्याच ठिकाणी, म्हणून हे लिहितेय.

माझी पहिली मोठी ऑर्डर होती ४८ बारची. मे महिना, वाढदिवस. भाव लावला २५ रुपये, कारण शेजारच्या बेकरीत पेस्ट्री तेवढ्याला मिळायची! रात्री तीन ट्रे भाजले, केक कोमट असतानाच फ्रॉस्टिंग फासलं आणि दुपारी रिक्षातून डबे पाठवले. पोचेपर्यंत वरचा थर घसरून झाकणाला चिकटलेला. १,२०० रुपये मुकाट्याने परत केले.

खरा धक्का नंतर बसला. वहीत खर्च मांडला, तर साहित्य, डबे, वीज मिळून जवळपास हजार रुपये. म्हणजे सगळं सुखरूप पोचलं असतं तरी अख्ख्या रात्रीचे दोनशे सुटले असते.

आता एका ट्रेचं बघू. आठ इंची चौकोनी ट्रे. १३० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम ब्राऊन शुगर, १०० मिली तेल, २ अंडी, १५० ग्रॅम बारीक किसलेलं गाजर, ४० ग्रॅम अक्रोड, एक चमचा दालचिनी पूड, एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. १८० अंशांवर साधारण २५ ते ३० मिनिटं. थंडीतल्या लाल गाजराला पाणी जास्त सुटतं, ते असेल तर कीस हलका पिळून घ्या.

फ्रॉस्टिंगला ५० ग्रॅम मऊ लोणी आणि ८० ग्रॅम आयसिंग शुगर आधी फेटा. मग १५० ग्रॅम क्रीम चीज घाला, आणि हात आवरा. जास्त फेटलंत की ते पातळ होतं, मग आणखी साखर घालूनही फार उपयोग नाही. केक पूर्ण गार झाल्यावरच लावा, दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फीसारखे १६ तुकडे कापा. दर वेळी सुरी पुसायची, कंटाळा करायचा नाही.

आमच्याकडच्या आजच्या भावाने साहित्याचे ३०० रुपये होतात. त्यातले दीडशे एकट्या क्रीम चीजचे! डबे आणि वीज धरून ३६०. आता तुमचा दीड तास; तासाला १०० धरले तरी ५१०. म्हणजे बार पडला ३२ रुपयांना, तोही घरपोच न देता. मी आता चारचा डबा २०० ला देते. "बेकरीत स्वस्त मिळतं," असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी फ्रॉस्टिंगशिवायचा बार ३५ ला देते, पण क्रीम चीजवाल्याचा भाव तोडत नाही.

उन्हाळ्यात डबा बर्फाच्या पॅकसोबत थर्माकोलच्या पेटीतच जातो. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, हे गिऱ्हाइकाला तोंडीही सांगा. एफएसएसएआय नोंदणी विक्री सुरू करण्याआधी करून घ्या, आणि अंडं आहे हे डब्यावर स्पष्ट लिहा; आपल्याकडे हा प्रश्न पहिला येतो.

कापताना कडा थोड्या छाटाव्या लागतात. त्या फेकू नका. छोट्या कपात घालून मी दुकानाच्या काउंटरवर चवीला ठेवते. मागच्या महिन्यातल्या दोन ऑर्डरी त्या कपांवरूनच आल्या.